सहा किलो दोनशे ग्रॅम धरण

थेंबनानांनी बादली घासली. चूक म्हणाल तर एवढीच. चोरी नाही, लाच नाही, कुणावर हात उचललेला नाही. सरकारी बादली, सरकारी वेळेत, स्वतःच्या हातांनी आणि कुणी सांगितलेलं नसताना घासली. निवृत्तीला सात आठवडे उरलेल्या माणसाने नवं काही करायला जाऊ नये, हे त्यांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

एकतीसपैकी अठरा वर्षं नाना या धरणावर मोजणीदार होते. पगारपत्रकात पदाचं नाव लांबलचक होतं, त्यांना स्वतःलाही ते एका दमात म्हणता यायचं नाही. काम मात्र आटोपशीर. धरण सत्तर वर्षांचं, दगड-चुन्याचं; शहरातल्या निम्म्या नळांना तिथलं पाणी. भिंतीच्या पोटात एक लांब बोगदा होता, मान थोडी वाकवून चालता येईल एवढा. इतक्या जुन्या भिंतीतून पाणी झिरपणारच, ते भलतीकडे वाट काढू नये म्हणून बोगद्यात चौदा नळ्या बसवलेल्या. त्यांतली सातवी सगळ्यांत वाहती. रोज सकाळी आठ वाजता पंधरा लिटरची पत्र्याची बादली रिकामी करून सातव्या नळीखाली लावायची, ती किती सेकंदांत भरते ते मोजायचं आणि मिनिटाला किती लिटर गळती झाली ते वहीत लिहायचं. बादली लवकर भरली तर गळती वाढली, उशिरा भरली तर कमी झाली. यात न कळण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच अठरा वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

खात्याने दिलेलं घड्याळ दुसऱ्याच वर्षी बोगद्यातल्या ओलीने बंद पडलं. नाना नवीन मागवायला गेले तर मागणी विचाराधीन असल्याचं पत्र आलं, आणि ती अजून विचाराधीनच होती. तोवर म्हणून नानांनी मनात मोजायला सुरुवात केली. पुढे ते मोजणं अंगातच मुरलं. दूध वर यायला किती, शेजाऱ्यांची गाडी चालू व्हायला किती, बायकोचं बोलणं भाजीच्या पिशवीवरून सुरू होऊन सासूबाईंपर्यंत पोचायला किती, सगळं सेकंदांत ठाऊक. ती मध्येच थांबून विचारायची, "किती झाले?" नाना म्हणायचे, "दोनशे दहा." मग ती अडीचशे पुरे करायला आणखी थोडं बोलायची.

थेंबनाना हे नाव ठेवलं फाटकावरच्या वॉचमनने. वॉचमन आणि नाना एकाच वर्षी धरणावर आले होते आणि रोज सकाळी फाटकापाशी चहा घ्यायचे. वॉचमनचं म्हणणं, दोघांचं काम एकच. मी कुणी आत येत नाही ते बघतो, तुम्ही कोण बाहेर पडतंय ते मोजता. या ऑफिसात 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं सहज म्हणायची सोय नव्हती. लगेच कुणीतरी विचारायचं, कुठे, आणि मिनिटाला किती.

तर मिनिटाला किती, हाच सगळा प्रश्न होता. नाना आले तेव्हा नवी बादली साठ सेकंदांत भरायची. म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. मग एकोणसाठ, मग सत्तावन्न, असं करत अठरा वर्षांत आकडा शेहेचाळीसवर आला. गळती वीस लिटरला टेकली. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात नव्या मॅडम आल्या. उपअभियंता. त्यांनी आल्या आल्या नानांच्या सगळ्या वह्या वाचून काढल्या, म्हणजे त्या वाचण्यासाठी असतात हे नानांना तेव्हाच कळलं. मॅडमनी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला: भिंतीला वरून भोकं पाडायची आणि सिमेंटचं पातळ पाणी दाबून आत भरायचं, म्हणजे आतल्या पोकळ्या बुजतील. फाईल नऊ वेळा परत आली. कधी सही नव्हती, कधी सही होती पण शाई काळी होती. दहाव्या वेळी मंजूर झाली. पुढच्या महिन्यात काम सुरू व्हायचं. त्याआधी फक्त मोठे साहेब एकदा येऊन डोळ्यांनी बघणार होते.

"नाना, बोगदा जरा नीट करून ठेवा," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या मनात होता झाडू. नानांनी 'नीट' हा शब्द मनावर घेतला.

बोगदा झाडला, नळ्यांवर आकडे रंगवले, दिव्यांवरची कोळिष्टकं काढली. मग नजर बादलीवर गेली. बादली आतून पांढरी, खडबडीत, जुन्या दातांसारखी दिसत होती. नानांना साहेबांसमोर तिची लाज वाटली. घासणीने काही होईना, तेव्हा छिन्नी-हातोडी आणली. अख्खी दुपार ठोकत बसले. पांढरा थर मोठाल्या वक्र कपच्यांनी सुटत गेला, नारळाच्या करवंटीसारखा, एका बाजूने गुळगुळीत. टाकून द्यायला जिवावर आलं. बायको तीन वर्षं अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्याला कड लावायला दगड आणा म्हणून मागे लागली होती. नानांनी सगळ्या कपच्या पोत्यात भरून घरी नेल्या. अठरा वर्षांत घरी नेलेली ही त्यांची पहिली सरकारी वस्तू.

बादली लखलखली. वॉचमन बघून म्हणाला, "नाना, आता हिच्यात बघून दाढी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मोठे साहेब आले ते बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. बोगद्यात त्यांच्यामागे मॅडम, मॅडममागे नाना. सातव्या नळीपाशी साहेब थांबले, स्वतःचा मोबाईल काढला आणि म्हणाले, लावा बादली. नानांनी लावली. साहेब मोबाईलवर मोजत होते, नाना मनात. बादली काठोकाठ आली तेव्हा साहेब म्हणाले अठ्ठावन्न, आणि नानांच्या मनातही बरोबर अठ्ठावन्नच झाले होते. नानांना क्षणभर धन्य वाटलं. मग वहीतला कालचा आकडा आठवला.

काल शेहेचाळीस होते.

मॅडमनी नानांकडे बघितलं. नानांनी बादलीकडे बघितलं. पुन्हा मोजलं, अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा सत्तावन्न, पण तेव्हा साहेबांना शिंक आली होती. साहेब खूश झाले. जुनी चुन्याची धरणं अशीच असतात, ते म्हणाले. पाण्याबरोबर चुना येतो, भेगेत बसतो, भेग आपोआप बुजते. त्यांनी हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मॅडम म्हणाल्या की एका दिवसात एवढा फरक पडत नाही. साहेब म्हणाले, आकडा समोर आहे. मग बोगद्याच्या तोंडाशी येऊन पिशव्या सोडता सोडता त्यांनी निकाल दिला, "धरण बरं होतंय. हे काम तूर्त थांबवू."

तूर्त या शब्दाचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. मॅडमच्या आधीचे साहेब तूर्त रिकामी खुर्ची नाही म्हणून स्टुलावर बसले, ते बदली होईपर्यंत.

नाना संध्याकाळी घरी आले तेव्हा बायकोने वाफ्याची कड लावून टाकली होती. ती टापटिपीची बाई. दगड नुसते टाकून ठेवणं तिच्यात बसत नव्हतं. तिने प्रत्येक कपची उभी करून, कुठली कुठे बसते ते बघत, फुटलेलं भांडं जुळवावं तशी गुलाबाभोवती गोल मांडली होती. बऱ्याच जुळल्याही होत्या. नाना फाटकातच थांबले. गुलाबाभोवती एक बादली उभी होती. बिनबुडाची, पांढरी, खऱ्या बादलीपेक्षा थोडी लहान.

नव्वद सेकंद ते तसेच उभे होते. एकशे दहाव्या सेकंदाला त्यांनी न्हाणीघरातली प्लास्टिकची पंधरा लिटरची बादली आणि दुधाचं लिटरचं माप आणलं, आणि कड उपटायला सुरुवात केली.

बायको दारात येऊन बघत राहिली. नानांनी सगळ्या कपच्या बादलीत रचल्या, अगदी बारीक चुराही भरला, आणि वरून मापाने पाणी ओतत गेले. मोजत. बारा मापांत बादली काठोकाठ भरली.

म्हणजे पंधरा लिटरची बादली गेली कित्येक वर्षं पंधराची नव्हतीच. ती आतून वर्षाला थोडी थोडी लहान होत होती. लहान बादली लवकर भरते. नाना लिहीत गेले, गळती वाढली, गळती वाढली. आणि गळती होती तिथेच, फार तर अर्धा लिटर इकडेतिकडे. वाढत होता तो फक्त चुन्याचा थर.

याचंही कारण नानांना ठाऊक होतं, आणि तेच जास्त लागत होतं. बोगद्याच्या तोंडाशी चौकटीत लावलेला नियम होता: मोजणी झाल्यावर बादली रिकामी करून पालथी ठेवावी. पहिला महिनाभर नानांनी ठेवली. पण नळी काही थांबत नसे, आणि पालथ्या पत्र्यावर धार पडली की सगळ्या बोगद्यात असा ताशा वाजायचा की दुपारपर्यंत डोकं उठायचं. मग नाना बादली सुलटीच ठेवू लागले, नळीखाली, भरलेली. तेवढ्याने काय होतंय, असं त्यांना वाटलं. तेवढ्याने काय होतं ते आता पाण्याखाली दिसत होतं.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगायला चारशे सेकंद लागले. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग ती वाकून बादलीत बघत म्हणाली, "एवढा चुना आला कुठून?"

"भिंतीतून. पाण्याबरोबर."

"मग भिंतीत काय राहिलं?"

अठरा वर्षं ते भिंतीतून पाणी किती जातं ते मोजत होते. पाण्याबरोबर आणखी काय जातं, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"पाणी काढा आता त्यातलं," बायको म्हणाली. "आणि माझी कड आहे ती. कुठेही नेलीत तरी परत आणून द्यायची."

नाना हो म्हणाले.

सकाळी फाटकावर त्यांनी वॉचमनला विचारून बघितलं. वॉचमनने चहा पूर्ण संपवला आणि मग हिशोब मांडला. आता बोललात तर काय? वह्या खोट्या ठरतील, नोटीस येईल, निवृत्तीचे कागद अडकतील. नाही बोललात तर काय? सात आठवडे, मग घरी. "साहेब म्हणतात धरण बरं झालं. चांगल्या झालेल्या पेशंटला पुन्हा आजारी पाडणारे तुम्ही कोण?"

नानांना नोटिशीची भीती नव्हती. असेलही थोडी, पण ती मोजण्याइतकी नव्हती. त्यांचा जीव अडकला होता वह्यांत. अठरा वर्षं रोज एक ओळ, साडेसहा हजारांवर ओळी, एकही खाडाखोड नाही. तापात फणफणत असतानाही ते आठला बोगद्यात होते. मागच्या एका साहेबांनी तर नव्या लोकांना दाखवायला नानांची वही नेली होती, नोंद कशी ठेवावी म्हणून. आयुष्यात कुणी केलेली तेवढीच काय ती स्तुती. आता तोंड उघडायचं म्हणजे त्या साडेसहा हजार ओळींवर स्वतःच्या हाताने रेघ मारायची. न उघडायचं म्हणजे दहाव्या वेळी मंजूर झालेलं काम आपल्या घासलेल्या बादलीपायी जायचं, आणि भिंत रोज थोडी थोडी चौदा नळ्यांतून वाहत राहायची.

त्यांनी चहाचा कप ठेवला आणि सायकलच्या मागचं पोतं सोडलं.

"चाललात?" वॉचमन म्हणाला.

"चाललो."

"तुमचं शेवटचं काम तरी मोजून मापून करायचं होतं."

"मोजलंय," नाना म्हणाले.

मॅडम टेबलाशी बसून काम थांबवल्याचं पत्र लिहीत होत्या. कालपासून त्यांनी ते तीनदा लिहून तीनदा फाडलं होतं. केराची टोपली तसं सांगत होती. नाना पोतं घेऊन आत आले आणि बसा म्हणण्याआधी म्हणाले, "मॅडम, धरण आणलंय थोडं."

मॅडमनी पोत्यात बघितलं. नानांनी उभ्यानेच सांगितलं. बादली, छिन्नी, गुलाब, बारा मापं, सगळं. बादली पालथी न ठेवल्याचंही सांगितलं, ते सगळ्यांत शेवटी आणि जरा भरभर. मॅडमनी एक कपची उचलून उजेडात धरली.

"म्हणजे नाना, अठरा वर्षांचे आकडे..."

"सेकंद खरे आहेत मॅडम. मी मोजलेले आहेत. लिटर खोटे आहेत, ते बादलीने मोजलेले."

"आणि मी या आकड्यांवर काम मंजूर करून आणलं."

"हो."

"गळती वाढलीच नव्हती."

"नव्हती. पण कमीही झालेली नाही. आणि हे," नानांनी पोत्याकडे बोट दाखवलं, "हे आतून आलंय."

मॅडम उठल्या. टपालाची पार्सलं तोलायचा काटा कोपऱ्यात होता; त्यावरचं कॅलेंडरचं भेंडोळं बाजूला करून त्यांनी पोतं ठेवलं. मग पोतं रिकामं करून नुसतं पोतं तोललं, आणि वजा केलं. सहा किलो दोनशे ग्रॅम. मग मॅडम कागदावर काहीतरी मांडू लागल्या. एका नळीखालची एक बादली. बादलीत बसला तो चुना एवढा. काठावरून वाहून गेला तो वेगळा. अशा चौदा नळ्या. अशी सत्तर वर्षं. अर्ध्यात त्यांनी पेन ठेवून दिलं आणि नानांना म्हणाल्या, "बसा ना. उभे का?"

नाना बसले. मॅडमनी काम थांबवल्याचं पत्र चौथ्यांदा फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. गळती वाढलेली नाही, घटलेलीही नाही. बादलीची चूक होती, ती आमच्या ऑफिसची. मात्र भिंतीतला चुना धुपून जात असल्याचा पुरावा सोबत जोडला आहे, वजन अमुक. नानांचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. नाना म्हणाले, लिहा. बादली काही स्वतःहून सुलटी राहिली नाही.

लिहिलं.

तीन आठवड्यांनी मोठ्या साहेबांकडून दोन पत्रं आली. एकात चुना तपासून आला होता आणि काम पुन्हा मंजूर झालं होतं. चाळीस भोकांऐवजी तूर्त वीस. दुसरं पत्र नानांना होतं. मोजणीनंतर बादली नियमाप्रमाणे पालथी का ठेवली नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा. नाना आठही दिवस विचार करत होते. त्यांनी पानभर लिहून बघितलं, त्यात आवाज, बोगदा, डोकेदुखी, स्वभाव, सगळं आलं होतं. मग ते पान घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या कागदावर एक ओळ लिहिली: "पालथी ठेवल्यास वाजते."

खुलासा स्वीकारला गेला की नाही ते कळलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात खात्यातर्फे एक नवीन घड्याळ आलं. सोबतच्या पत्रात सोळा वर्षांपूर्वीच्या मागणीचा क्रमांक होता.

काम सुरू झालं तेव्हा नानांचे अकरा दिवस राहिले होते. वर यंत्र घरघरायचं, आणि बोगद्यात उभं राहिलं की ते दातांत जाणवायचं. वह्यांवर रेघ कुणी मारली नाही. मॅडमनी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं, लिटरच्या रकान्यावर विसंबू नये, सेकंद बरोबर आहेत. नानांनी ते वाचलं, आणि वह्या कपाटात ठेवताना तारखा लागोपाठ आहेत ना ते बघून घेतलं.

शेवटच्या दिवशी आठ वाजता त्यांनी मोजलं. अठ्ठावन्न. घड्याळातही अठ्ठावन्न, घड्याळ चांगलं निघालं होतं. मग बादली रिकामी केली, पालथी ठेवली, आणि मान वाकवून बाहेर निघाले. ताशा फाटकापर्यंत ऐकू येत होता. वॉचमन म्हणाला, "वाजतंय खरं."

पोतं मात्र ऑफिसातच राहिलं. त्याचं तोंड लाखेने बंद करून वर चिठ्ठी डकवली होती, नमुना क्रमांक एक, आणि ते मॅडमच्या कपाटावर होतं. नानांनी जायच्या आधी विचारलं. मॅडमना संकोच वाटला. चौकशीचा कागद बंद होईपर्यंत देता यायचं नाही, म्हणाल्या. कधी बंद होईल? तूर्त सांगता येत नाही.

घरी गुलाबाच्या वाफ्याला कड नाही. माती पावलागणिक अंगणात येते. बायको झाडून घेते आणि झाडता झाडता विचारते, "अहो, माझे सहा किलो कधी येतायत?"

"सहा किलो दोनशे," नाना म्हणतात.